डिग्री नसलेला डॉक्टर : सलीम अली

सुरुवातीलाच एक कबुली देते. मागच्या एप्रिलमध्ये माझ्यामुळे एक घरटं उजाड झालं.

पी.एल. चालू होती. सबमिशन संपलेलं, पेपरला पंधरा दिवस, आणि अभ्यास सोडून बाकी सगळ्यात मन लागायचं, तेच दिवस. हॉस्टेलच्या सायकल स्टँडशेजारी मेंदीचं कुंपण आहे, त्यात बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं होतं. जेमतेम वाटीएवढं. आत तीन अंडी, गुलाबीसर, वर तांबडे ठिपके. मी तर वेडीच झाले! दिवसातून चार-पाच वेळा जायचं, फांदी बाजूला करायची आणि मोबाइलवर फोटो काढायचे. एकदा तर रात्री फ्लॅश मारून काढले. दर वेळी अंड्यांवर बसलेला पक्षी उडून जायचा, समोरच्या तारेवर बसून ओरडायचा. मला वाटायचं, येईल परत. चौथ्या दिवशी तो आला नाही. पाचव्या दिवशी कावळा आला. मी रोज वाकवून वाकवून ती फांदी एका बाजूला झुकली होती आणि घरटं वरून स्पष्ट दिसत होतं.

माझ्याकडे सत्तेचाळीस फोटो राहिले. अंडी मात्र एकही नाही.

आमचे माळीकाका तिथेच पाणी घालत होते. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की बघायचं तर लांबून बघायचं असतं. खरं सांगते, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

लांबून बघायचं म्हणजे नेमकं कसं, हे शोधायला मी परीक्षा संपल्यावर लायब्ररीत गेले. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांच्या मागे एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं : ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’, सलीम अलींचं १९८५ साली आलेलं आत्मचरित्र. सलीम अली हे नाव मला फक्त जी.के.च्या प्रश्नापुरतं माहीत होतं. ‘बर्डमॅन ऑफ इंडिया कोण?’ एक मार्क, पुढचा प्रश्न. पण पुस्तक वाचायला घेतलं आणि पहिल्या काही पानांतच कळलं की या माणसाची सुरुवात माझ्यापेक्षाही वाईट होती.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. मग मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सगळ्या भावंडांना खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवलं. मामांना स्वतःचं मूल नव्हतं, पण घर कायम मुलांनी भरलेलं. मामा पक्के शिकारी. त्यामुळे पक्ष्याकडे पाहायचं ते नेमाने, हे त्या घरातलं साधं गणित होतं. छोट्या सलीमच्या हातात छर्‍याची बंदूक आली आणि तो अंगणातल्या चिमण्या टिपू लागला. मोठेपणी प्रसिद्ध शिकारी व्हायचं, हेच त्याचं स्वप्न होतं. आजच्या शाळेतल्या पर्यावरणाच्या पुस्तकात न बसणारं बालपण, नाही का?

साधारण १९०६-०७ ची गोष्ट. सलीम तेव्हा दहा वर्षांचा. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर आणि नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. सलीमने उभ्या घोडागाडीच्या आड दबा धरून नराला मारलं. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळवला आणि तोही येऊन त्याच खिळ्यावर बसला. सलीमने त्यालाही मारलं. मग तिसरा. सात दिवसांत त्याने त्या एका खिळ्यावरचे आठ नर मारले. दर वेळी मेलेल्याची जागा घ्यायला नवा नर हजर!

वाचताना मी पुस्तक बंद केलं होतं. माझ्या रूममेटने ऐकून सरळ निकाल दिला की असला माणूस पक्षिप्रेमी कसला. पण गंमत पुढे आहे. त्या मुलाने हे सगळं लिहून ठेवलं. घरटं कुठे होतं, नर कुठे बसायचा, किती दिवसांत किती नर आले, सगळं. त्याच्या दृष्टीने ती आपल्या नेमबाजीची फुशारकी होती. पण तो जे लिहून गेला ते विणीच्या हंगामाचं निरीक्षण होतं. घरट्याची जागा मोलाची असते, आणि जोडीदार न मिळालेले नर आसपास संधीची वाट पाहत असतात, हे त्यातून दिसतं. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना ही नोंद पुढे महत्त्वाची वाटली. मोठेपणी ही नोंद फाडून टाकणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी ती आत्मचरित्रात तशीच छापली, आठच्या आठ चिमण्यांसकट.

पुढे अशाच एका शिकारीत एक वेगळी चिमणी हाती आली. दिसायला नेहमीसारखी, पण गळ्यावर पिवळा ठिपका. सलीमने ती मामांना दाखवली. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. ही संस्था १८८३ मध्ये मुंबईत सुरू झाली, आज आपण तिला बी.एन.एच.एस. म्हणतो. पक्षी कोणता ते मामांनाही सांगता येईना, तेव्हा त्यांनी सलीमला संस्थेचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. शाळकरी पोरगा हातात मेलेली चिमणी घेऊन एका साहेबाच्या ऑफिसात घाबरत घाबरत गेला.

मिलार्डनी पक्षी लगेच ओळखला : यलो-थ्रोटेड स्पॅरो, म्हणजे पिवळ्या गळ्याची रानचिमणी. पण नाव सांगून त्यांनी मुलाला कटवलं नाही. संस्थेच्या संग्रहातले खण एकामागून एक उघडून त्यांनी त्याला भरलेले पक्षी दाखवले. पुस्तकं वाचायला दिली. पक्ष्याची कातडी सोलून नमुना कसा टिकवायचा, ते शिकण्याची सोय करून दिली. विचार करा, त्या दिवशी मिलार्ड कामात असते आणि त्यांनी पोराला उद्या ये म्हणून सांगितलं असतं तर? आपल्याकडे एखादा फर्स्ट इयरचा मुलगा जळलेलं सर्किट घेऊन लॅबमध्ये येतो, तेव्हा त्याला वेळ देणारे सर आणि लॅब असिस्टंट काका मला हल्ली मिलार्डसारखे वाटतात.

तुम्हाला वाटेल, आता हा मुलगा भराभर शिकून शास्त्रज्ञ झाला असणार. अजिबात नाही. सलीम अभ्यासात यथातथाच. तेराव्या वर्षाच्या सुमाराला डोकेदुखीने एवढा हैराण झाला की कोरडी हवा मानवेल म्हणून त्याला सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवलं. त्यात शाळा बुडली. १९१३ मध्ये मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक कशीबशी पास झाला. कॉलेजात गेला, पण तिथे रमला नाही आणि १९१४ मध्ये थेट ब्रह्मदेश गाठला. तिथे तावॉय भागात कुटुंबाचा लाकडाचा आणि वुल्फ्रामच्या खाणीचा धंदा होता. वुल्फ्राम म्हणजे टंगस्टनचं खनिज. मेटलर्जीवाल्यांना सांगायला नको की बल्बच्या फिलामेंटपासून कटिंग टूलच्या पोलादापर्यंत ते लागतं, आणि पहिल्या महायुद्धात त्याला केवढी मागणी होती. धंद्यात पैसा करायची याहून चांगली वेळ नव्हती. पण तरुण सलीमचं लक्ष खाणीपेक्षा भोवतालच्या जंगलात. धंद्यात काही त्यांचा जम बसला नाही. १९१७ मध्ये ते मुंबईला परत आले.

मग घरच्यांच्या समाधानासाठी दावर्स कॉलेजमध्ये व्यापारी कायदा आणि अकाउंटन्सी. हा विषय कुणासाठी शिकत होते ते तुम्ही ओळखलंच असेल! सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी या मुलाचा खरा ओढा ओळखला आणि त्याला प्राणिशास्त्राच्या वर्गाला बसायला सुचवलं. सकाळी दावर्समध्ये हिशेब आणि नंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, अशी धावपळ त्यांनी केली. अभ्यासक्रम पुरा केला, पण विद्यापीठाची डिग्री काही हाती आली नाही. याच काळात, डिसेंबर १९१८ मध्ये, त्यांचं तेहमिना बेगम यांच्याशी लग्न झालं.

डिग्री नसल्याचा फटका पुढे बसलाच. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षिशास्त्रज्ञाची जागा होती, सलीम अलींना ती हवी होती, पण विद्यापीठाची पदवी नाही म्हणून मिळाली नाही. प्लेसमेंटच्या क्रायटेरियात न बसणाऱ्या माझ्यासारख्यांना हे वाचून काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायची गरज नाही. १९२६ मध्ये त्यांना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्ग विभागाचा गाइड-लेक्चरर म्हणून नोकरी लागली. पगार महिना साडेतीनशे रुपये, त्या काळी चांगलाच. दोन वर्षं केली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण लोकांना जे सांगतो ते आपल्यालाच धड येत नाही. १९२८ मध्ये रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात प्राध्यापक एरविन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं. श्ट्रेझेमान हे त्या काळातले जगातले आघाडीचे पक्षिशास्त्रज्ञ. कपाटातल्या नमुन्यांबरोबरच जिवंत पक्षी कसा जगतो, हा त्यांच्याकडे अभ्यासाचा विषय होता. हेल्गोलँड बेटावर सलीम अलींनी पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा माग काढायचं तंत्रही पाहिलं.

१९३० मध्ये ते परत आले तेव्हा म्युझियममधली त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली होती. वय चौतिसावं चालू. पदवी नाही, नोकरी नाही, घरी बायको. जर्मनीत शिकून आलेला माणूस बेकार! आजही अशा माणसाला नातेवाईक काय म्हणतील याची कल्पना करा. मुंबईत राहणं परवडेना, म्हणून दोघं समुद्रापलीकडे किहीमला राहायला गेले. गेटवेवरून लाँचने मांडव्याला उतरलं की जवळच हे गाव, अलिबाग तालुक्यात. आता तिथे वीकएंडला गाड्यांची रांग लागते, तेव्हा ते नारळी-पोफळीचं आणि भातखाचरांचं एक शांत खेडं होतं.

या घराजवळच एका झाडावर सुगरणींची वसाहत होती. झालं, बेकार माणसाला काम मिळालं!

इथे थोडं थांबून सुगरणीबद्दल सांगायला हवं. आपल्याकडचे बरेचसे ओळखीचे पक्षी, म्हणजे बुलबुल, दयाळ, तांबट, शिंपी वगैरे, वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला वीण करतात. सुगरण मात्र पावसाची वाट पाहते. कारण सरळ आहे. विणायला लांब, हिरवी, लवचीक पाती हवीत आणि पिल्लांना भरवायला किडे हवेत. दोन्ही पावसानंतरच मुबलक मिळतात. विणीचे दिवस आले की एरवी चिमणीसारखा मातकट दिसणारा नर डोक्यावर आणि छातीवर पिवळाधमक होतो. भाताची किंवा गवताची पाती चोचीने कापून आणतो आणि फांदीच्या टोकाला गाठी मारत विणायला लागतो. शेकडो खेपा होतात. आधी फांदीवरून लोंबणारी कडी, मग वरचा घुमट. या टप्प्याला घरटं उलट्या हेल्मेटसारखं दिसतं, खाली हनुवटीच्या पट्ट्यासारखी एक आडवी वीण. पुढे एका बाजूला अंड्यांची खोली आणि दुसऱ्या बाजूला खाली उतरणारा नळीचा बोगदा. ड्रॉइंग नाही, कॅलक्युलेटर नाही, आणि वाऱ्यावादळात झोके घेणारं स्ट्रक्चर तयार!

आता मराठीतली मोठी गंमत बघा. आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतो, म्हणजे घरकामात हुशार बाई. बहिणाबाईंच्या कवितेमुळे तर ती घरोघरी पोचली. मी इंग्लिश मीडियमची, मला ती कविता आजीने शिकवली. पण विणकाम करणारा असतो नर. मादी येते ती एक्स्टर्नल एक्झामिनर म्हणून! सलीम अलींनी किहीमला नेमकं हेच दिवसेंदिवस बसून पाहिलं. कोणतं घरटं कोणत्या दिवशी सुरू झालं, कधी कुठल्या टप्प्याला आलं, कोणता नर, कोणती मादी कधी आली, याच्या नोंदी ठेवल्या.

सुगरणीच्या झाडावर नेहमी बरीच अर्धवट, हेल्मेटसारखी घरटी लटकलेली दिसतात. त्यांच्याबद्दल लोकांत नाना समजुती होत्या. कुणी म्हणायचं, हे नराला बसायला झोपाळे. घरट्यात लावलेल्या मातीच्या गोळ्यांबद्दल तर असं सांगत की सुगरण त्यात काजवे खोचून घरात दिवे लावते. सलीम अलींच्या नोंदींतून खरा उलगडा झाला. नर घरटं हेल्मेटपर्यंत आणतात, तेवढ्यात माद्यांचा थवा झाडावर येतो. नर पंख फडफडवत ओरडतात, आपापलं काम दाखवतात. मादी आत शिरते, ओढून-ताणून बघते. पसंत पडलं तर तिथेच राहते, मग नर उरलेलं घरटं पुरं करतो. पसंत पडलं नाही तर ती निघून जाते आणि ते घरटं तसंच लटकत राहतं. ते झोपाळे म्हणजे व्हायवात नापास झालेले प्रोजेक्ट होते!

पण याहून मोठी गोष्ट पुढे दिसली. मादीने घरटं स्वीकारून अंडी घातली की नर तिथे थांबत नाही. तो शेजारच्या फांदीवर दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. जमलं तर त्यानंतर तिसरं. अंडी उबवणं आणि पिल्लांना भरवणं हे मुख्यतः मादीवर पडतं. एका हंगामात एकामागून एक जोडीदारीण करण्याची ही पद्धत सलीम अलींनी त्या झाडावर टिपली, आणि १९३१ मध्ये बी.एन.एच.एस.च्या जर्नलमध्ये त्यांचा सुगरणीच्या घरट्यांवरचा लेख आला. या लेखाने पक्षिशास्त्रात त्यांचं नाव झालं. ज्या माणसाला पदवी नाही म्हणून नोकरी नव्हती, त्याने घराजवळच्या झाडाखाली बसून जगाला माहीत नसलेली गोष्ट शोधली. साहित्य काय? वही, पेन्सिल आणि न उठण्याची तयारी.

मला इथे परत ती तबेल्याची भिंत आठवली. दहाव्या वर्षी एक घरटं, चौतिसाव्या वर्षात एक झाड. दोन्हीकडे प्रश्न एकच : आता पुढे काय होतं? फरक हा की तबेल्यात तो मुलगा पुढचं घडवून आणत होता, आणि किहीमला तो माणूस पुढचं घडेपर्यंत थांबत होता. अर्थात, त्यांनी बंदूक कायमची टाकली असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. जाती नक्की करायला नमुने लागत, त्यासाठी ते पक्षी मारत राहिले आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. रूममेटचा आक्षेप अजून कायम आहे. मला तो पूर्ण खोडता आलेला नाही.

किहीमनंतरची नोकरी त्यांनी स्वतःच तयार केली. देशातल्या कित्येक भागांत कोणते पक्षी आहेत याचीच धड माहिती नव्हती, विशेषतः संस्थानांमध्ये. सलीम अलींनी तयारी दाखवली की संस्थानांनी प्रवासाचा आणि कॅम्पचा खर्च द्यावा, मी पगार न घेता पाहणी करीन. सुरुवात हैदराबाद संस्थानापासून झाली. मग त्रावणकोर-कोचीन, मध्य भारतातली संस्थानं, बहावलपूर, म्हैसूर, कच्छ. बैलगाडी, उंट, जे मिळेल ते वाहन. तेहमिना बेगम बरोबर असायच्या, कॅम्पची व्यवस्था बघायच्या, त्यांच्या लिखाणाला मदत करायच्या. १९३९ मध्ये एका लहानशा ऑपरेशननंतर त्या अचानक गेल्या. लग्नाला एकवीस वर्षंही पुरी झाली नव्हती. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. मुंबईत ते बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांच्याकडे राहू लागले, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी पक्ष्यांना दिली.

दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ आलं. रंगीत चित्रं, सोपी भाषा, पिशवीत मावेल असा आकार. तोवर पक्षी ओळखणं म्हणजे साहेबांचा छंद होता. या पुस्तकाने तो शाळामास्तर, कारकून, विद्यार्थी यांच्यापर्यंत आणला. आपल्या लायब्ररीतली त्याची प्रत एवढी फाटलेली आहे, यातच सगळं आलं.

आता खास मेकॅनिकलवाल्यांसाठी. सलीम अलींना मोटरसायकलींचं जबरदस्त वेड होतं! ब्रह्मदेशात त्यांच्याकडे साडेतीन हॉर्सपॉवरची एन.एस.यू. होती. पुढे हार्ले-डेव्हिडसन, सनबीम, डग्लस, स्कॉट, न्यू हडसन अशी यादीच होते. १९५० मध्ये स्वीडनमध्ये उप्साला इथे जागतिक पक्षिशास्त्र परिषद भरली. तेव्हा वय त्रेपन्न. गृहस्थांनी आपली सनबीम मुंबईच्या बंदरात बोटीवर चढवली आणि युरोपात उतरल्यावर तिच्यावरून भटकत, मध्ये एक-दोनदा आपटत, परिषदेला पोचले. सामानाने लादलेली गाडी आणि धुळीने माखलेला भारतीय बघून तिथे बातमी पसरली की हा भारतापासून गाडी चालवत आलाय! आपल्याकडे बी.एम.डब्ल्यू. कधी नव्हती, याची खंत त्यांना शेवटपर्यंत राहिली. आमच्या पार्किंगमधल्या पोरांना हा माणूस नक्की आवडला असता.

सत्तरी ओलांडल्यावर माणूस निवृत्त असतो. सलीम अलींनी अमेरिकेचे पक्षिशास्त्रज्ञ एस. डिलन रिप्ले यांच्याबरोबर भारत आणि पाकिस्तानातल्या पक्ष्यांचं ‘हँडबुक’ तेव्हा छापायला सुरुवात केली. १९६८ ते १९७४ या काळात त्याचे दहा खंड निघाले. प्रत्येक पक्ष्याचं वर्णन, वावर, खाद्य, आणि वीण : कोणत्या महिन्यात, घरटं कुठे, अंडी किती. आज कुठलाही हौशी माणूस एखादा पक्षी अवेळी घरटं करताना दिसला म्हणून चकित होतो, तेव्हा ‘वेळ’ कोणती हे बऱ्याचदा या नोंदींवरून ठरलेलं असतं.

भरतपूरची गोष्ट तर सांगायलाच हवी. राजस्थानातलं हे पाणथळ रान भरतपूरच्या महाराजांचं बदकांच्या शिकारीचं ठिकाण होतं. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात, व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या शिकारपार्टीत तिथे ४,२७३ पक्षी मारले गेले. तारीख बघितलीत? त्या दिवशी सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर हे रान वाचावं म्हणून सलीम अली झटले. बी.एन.एच.एस.ने तिथे हजारो पक्ष्यांच्या पायात कडी घातली. १९८५ मध्ये हेच केवलादेव उद्यान युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. केरळातल्या सायलेंट व्हॅलीत धरण होऊ नये म्हणून ज्यांनी आवाज उठवला त्यांतही सलीम अली होते. तो प्रकल्प सोडून दिला गेला आणि १९८४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. धरण बांधणं हे आपल्याच सिव्हिलवाल्यांचं काम, पण कधी कधी न बांधणं हाही इंजिनिअरिंगचाच निर्णय असतो, हे मला त्या प्रकरणावरून पटलं.

मानसन्मान उशिरा आले, पण भरभरून आले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. ज्यांना कुठल्या विद्यापीठाची साधी पदवी नव्हती, त्यांना अलीगढ, दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टरेट दिली. जागतिक पुरस्काराचे मोठे पैसे मिळाले, ते त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीत घातले. २० जून १९८७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं. कोकणात सुगरणी पिवळ्या व्हायला लागतात, तेच हे दिवस. त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे पक्षी दिन म्हणून पाळतात, आणि २०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो.

मित्रमैत्रिणींनो, हे सगळं वाचून मी काही पक्षिशास्त्रज्ञ होणार नाहीये. माझी एक के.टी. अजून निघायची आहे, आधी ती. पण जुलैमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा आपल्या मागच्या गेटबाहेरच्या विहिरीवरल्या बाभळीत मला सुगरणींची घरटी दिसली. मोबाइल खिशातच ठेवला. बांधावर चाळीस-एक पावलं लांब बसले आणि मोजायला लागले. पहिल्या दिवशी चौदा घरटी, त्यांतली सहा हेल्मेटच्या टप्प्यात. दहा दिवसांनी त्या सहांपैकी दोन पुरी झाली, चार तशीच लटकत होती. एका नराने आपलं नापसंत घरटं सोडून बाजूलाच नवी गाठ मारली. त्याच दिवशी माझा के.टी.चा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. मी उठून ऑफिसात गेले आणि भरून आले.

नोंदी मी एका उरलेल्या जर्नलमध्ये ठेवते. पहिल्या पानावर मात्र सुगरण नाही. पहिल्या पानावर एप्रिलमधला बुलबुल आहे : मेंदीचं कुंपण, तीन अंडी, मी किती वेळा गेले, रात्री फ्लॅश मारला, चौथ्या दिवशी पक्षी आला नाही, पाचव्या दिवशी कावळा. हे पान फाडावंसं खूप वाटलं. फाडलं नाही.

बाभळीपाशी सकाळी साडेसहाला या. बांधावर जागा भरपूर आहे.